मळखाऊ रंग नको

लोक पडदे लावतात ते बाहेरच्या माणसाला आतलं दिसू नये म्हणून. आणि त्या पडद्यांचं माप घ्यायला जी बाहेरची बाई येते, तिला आधी आतलं सगळं दाखवतात. हा विनोद मी एकतीस वर्षं रोज जगले आणि एकाही गिऱ्हाइकाच्या तो लक्षात आला नाही. खिडकीपर्यंत पोचायचं तर पलंगावर चढावं लागतं. पलंगावर एकच उशी दिसते, दुसरी हॉलमधल्या दिवाणावर असते, आणि ती तिथे का आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. हातात टेप असली की माणसं तुमच्याकडे बघतच नाहीत. भांडण चालू असेल तर ते चालूच राहतं. मी वहीत 'चोपन्न बाय चौऱ्याऐंशी' असं लिहीत असते आणि माझ्या डोक्यावरून कोणाच्या तरी सासूचा उद्धार होत असतो.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा हसू आलं. दसरा ते दिवाळी हा आमचा हंगाम. वर्षभर ज्या पडद्याला मुलं हात पुसतात तो पडदा दिवाळी आठ दिवसांवर आली की एकाएकी असह्य होतो, आणि मग 'मंदाताई, काहीही करा पण धनत्रयोदशीच्या आधी लावा' असे फोन सुरू होतात. मी दिवाळी अंक वाचायचे ते संक्रांतीला, तिळगुळाच्या चिकट हातांनी. आता रविवार कारंजाजवळचं दुकान भाचीच्या हवाली केलंय, तेव्हा दिवाळीत दिवाळीचं काही करायची ही माझी पहिलीच वेळ आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट कापड घ्यायचं, वर कडक पट्टी घालून चुण्या पाडायच्या, खाली चार बोटं दुमड सोडायची आणि टांगायचं. अवघड असते ती जमीन. नाशकातली, आणि माझ्या अंदाजाने जगातली, एकही फरशी सपाट नाही. त्यामुळे माप खिडकीच्या डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला वेगवेगळं घ्यावं लागतं. नवशिका कारागीर एकदाच घेतो आणि मग पडद्याचं एक टोक तरंगतं, दुसरं झाडू मारतं. मला हे कोणी शिकवलं नाही. आमची मखमलाबादकडे फुलशेती होती, आई हाताच्या मापाने हार ओवायची आणि देव्हारा बघून हार किती लांब लागेल ते सांगायची. ती चुकली नाही, म्हणून मलाही चुकायची लाज वाटायची.

चुकले मात्र भरपूर. मखमलीला लव असते, वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. एक पाट, म्हणजे पडद्याची एक उभी पट्टी, उलटा शिवला गेला तर कापड तेच, पण रंग वेगळा दिसतो. एका मंगल कार्यालयाला आम्ही वीस मोठे पडदे दिले आणि त्यातला एक उलटा गेला. मालकाला दोन वर्षं कळलं नाही. त्या दोन वर्षांत तिथे आठ-दहा लग्नांना मला जेवायला बसावं लागलं, आणि प्रत्येक वेळी जिलबी तोंडात असताना तो पडदा माझ्याकडे बघत होता. शेवटी मीच जाऊन सांगितलं आणि फुकट बदलून दिला. मालक म्हणाले की तो वेगळा रंग त्यांना डिझाइनच वाटत होता.

एक डॉक्टर जोडपं होतं. बेडरूमच्या एकाच खिडकीला अर्ध्या भागात तिच्या आवडीचा निळा आणि अर्ध्या भागात त्याच्या आवडीचा पट्ट्यापट्ट्यांचा पडदा हवा होता. मी दिला. शिलाई सरळ घातली, बाकीचं त्यांचं ते बघून घेतील म्हटलं. त्यांचा संसार अजून छान चालू आहे, कसा ते मला कळलेलं नाही.

पण आज लिहायचंय ते देवरे मॅडमबद्दल. एके काळी मी त्यांची गोष्ट लोकांना हसवायला सांगायचे.

नीलिमा देवरे राहायच्या गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. माहेर येवल्याचं, वडील पैठणी विणणारे. मागावर वाढलेल्या बाईची नजर कशी असते हे मला पहिल्याच दिवशी समजलं. हॉलचे चार पडदे मी टांगले, चार पावलं मागे आले आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "तिसरा एक सूत खाली आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी टेप लावली. तिसरा एक सूत खाली होता. मग मी नेहमीचं भाषण केलं, की फरशी बाल्कनीकडे उतरती आहे, पडदे एकतर जमिनीला धरून राहतील नाहीतर एकमेकांना, दोन्ही होणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी फोन आला, की हॉलची फरशी उचलून नव्याने बसवली आहे, आता येऊन दोन्ही करून द्या. मधे सुट्टीवर आलेले त्यांचे यजमान देवरेसाहेब गच्चीत जेवले होते.

त्या घरात वर्तमानपत्र वाचून झालं की मूळ घडीवर घडी घालावी लागे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या एका रेषेत. सोफ्याला कव्हर, त्या कव्हरला पारदर्शक कव्हर. मूळ सोफा कुठल्या रंगाचा आहे हे साहेबांना आठवत नव्हतं, आणि तो त्यांनीच पसंत केला होता म्हणे. मी दरवर्षी काहीतरी नवीन शिवून द्यायचे. मिक्सरचं कव्हर, टीपॉयचं कव्हर, शिलाई मशिनच्या कव्हरचं कव्हर. आमचे कारागीर रफिकभाई मालेगावचे, पॉवरलूमच्या आवाजात वाढलेले, त्यामुळे कुजबुजसुद्धा ओरडून करायचे. ते एकदा म्हणाले, "ताई, इस घर में आदमी कहाँ रखते?"

तोपर्यंत प्रश्न बिकट नव्हता, कारण माणूस घरी नसायचाच. सुरेश देवरे सरकारी खात्यात इंजिनीअर, आयुष्य धरणांच्या कामांवर गेलेलं. मग ते रिटायर झाले आणि सकाळी नऊ ते रात्री दहा त्याच घरात राहायला आले. ज्या घरात जवळजवळ वीस वर्षं दुपारी पान हललं नव्हतं तिथे एक सहा फुटी माणूस चिवडा खात हिंडायला लागला.

महिन्याभरात साहेब आमच्या दुकानात यायला लागले. पहिल्यांदा उशीच्या अभ्र्याचं निमित्त होतं, नंतर निमित्त लागलं नाही. खिशातून चिवड्याची पुडी काढायचे, फोमच्या ढिगावर ऐसपैस बसायचे, आणि शेव-शेंगदाणे सांडत खायचे. आमच्या दुकानात आधीच चिंध्या, दोरे आणि कापडाची धूळ इतकी की चार शेंगदाण्यांनी काही बिघडत नव्हतं. एरवी म्हणे ते खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून खात. गाडीच्या सीटलाही कव्हर होतं, पण निदान ते झटकायला मॅडम खाली येत नसत.

"ताई," ते एकदा म्हणाले, "मी सोफ्यावरून उठलो की ती मागून येते आणि गादी थोपटते. म्हणजे मी बसलोच नव्हतो असं करून टाकते."

आम्ही पोट धरून हसलो. मला नकला छान जमतात. मी मॅडमची चाल करून दाखवली, बोटाच्या टोकाने धूळ बघणं करून दाखवलं, फोम थोपटून दाखवला. साहेबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. त्यानंतर ती नक्कल आमच्या गल्लीत फर्माईश होऊन बसली. आमच्या धंद्याचा एकच नियम आहे, की एका घरात दिसलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. मी तो मोडत होते आणि वर टाळ्या घेत होते.

मग एक दिवस साहेब आले ते पुडी न घेता. नामपूरला त्यांचे थोरले भाऊ असतात, दादा. आईवडील लवकर गेले, दादांनी कांदा करून धाकट्याला इंजिनीअर केलं. त्या दादांचे दोन्ही गुडघे गेले होते, ऑपरेशन नाशकातच करायचं ठरलं होतं, आणि पुढे सहा आठवडे व्यायामासाठी इथेच राहावं लागणार होतं. मॅडम म्हणाल्या होत्या की हॉस्पिटलजवळ चांगली खोली घेऊ, बाई ठेवू, काही कमी पडू देणार नाही, पण घरी नको.

साहेब फोमवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "दादाला माझ्या घरात जागा नसेल ताई, तर मलाही नाही. मी नामपूरला जातो. सुट्टीला नाही म्हणत, राहायलाच."

रफिकभाईंचं मशिन थांबलं. आणि मी, जिला कोणी विचारलं नव्हतं ती, छाती पुढे काढून म्हणाले, "साहेब, मी बघते. कापडाने सुटणारा प्रश्न आहे हा."

माझी युक्ती मला फार हुशार वाटत होती. मॅडमना भीती दादांची नाही, डागांची आहे. मग लहान खोलीतल्या प्रत्येक वस्तूला काढता-घालता येणारं कव्हर शिवायचं. सहा आठवडे झाले की कव्हरं काढायची, खोली जशीच्या तशी. मी जाड कॉफी रंगाच्या कापडाचा तुकडा घेऊन गेले आणि मॅडमना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या की असं होऊ शकेल. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. फक्त कापडाकडे त्यांनी हात नेला नाही.

"मळखाऊ आहे मॅडम," मी म्हटलं. "सहा आठवडे बघावं लागणार नाही."

"मळखाऊ म्हणजे मळ जातो असं नाही, मंदाताई. दिसत नाही एवढंच. मला मळखाऊ रंग नको. जे आहे ते दिसलं पाहिजे."

म्हणून पांढरं. जाड, सुती, पांढरंशुभ्र. मॅडमनी यादी दिली आणि मी ती आनंदाने वाढवली, कारण माझ्यातली कारागीर आता पेटली होती. दिवाण, गादी, दोन उशा, खुर्ची, खुर्चीचे हात, टेबल. खिडकीची कड, कारण माणूस तिथे चष्मा ठेवतो. आणि दिवाणामागची भिंत, कारण गावाकडची माणसं डोक्याला तेल लावतात आणि टेकून बसली की भिंतीवर गोल उमटतो. भिंतीला कव्हर मी त्याआधी कधी शिवलं नव्हतं. चार फूट रुंद पट्टा केला, मागे चिकटपट्टी, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक काम होतं. रफिकभाई शेवटच्या उशीला टीप घालताना म्हणाले, "इतना सफेद अच्छा नहीं लगता, ताई." मी म्हटलं तुम्ही टीप बघा.

दादा आले तेव्हा मी तिथेच होते, भिंतीचा पट्टा बसवत होते. पांढरी टोपी, हातात काठी, अंगाने दांडगे, पण जिना चढून आल्यामुळे चेहरा ओढलेला. कांद्याची गोणी खाली पार्किंगमध्ये ठेवून आले होते, तसं त्यांना कळवलं होतं. मॅडम पुढे झाल्या, पाया पडल्या, पाणी दिलं. त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. दादा खोलीच्या दारात आले आणि आत बघून साहेबांना अहिराणीत म्हणाले, "ऑपरेशन आठेच करतस का?" आठे म्हणजे इथे.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

दादा आत आले. खुर्चीकडे बघितलं, दिवाणाकडे बघितलं. आपल्या धोतराकडे बघितलं, एसटीच्या प्रवासाने जेवढं मळायचं तेवढं ते मळलं होतं. आधारासाठी त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला, आणि मॅडमची नजर तिकडे गेली. नजर फक्त गेली. दादांनी हात काढून घेतला. मग तो माणूस दोन गेलेल्या गुडघ्यांवर खोलीच्या मधोमध, कशालाच न टेकता उभा राहिला. साहेब म्हणत होते दादा बस, मॅडमही म्हणत होत्या बसा ना दादा. मीसुद्धा म्हटलं, बसा की, बसण्यासाठीच शिवलंय. पाच मिनिटं तरी गेली असतील.

"सुऱ्या," दादा शेवटी म्हणाले, आवाजात राग अजिबात नव्हता, "तुनं घर भारी शे. पण माले आठे बसता येस नही."

तासाभरात दोघे भाऊ खाली उतरले. साहेबांच्या हातात एक बॅग होती. ऑपरेशनला अकरा दिवस होते, आणि साहेब म्हणाले की त्या दिवशी दादाला घेऊन थेट हॉस्पिटलला येईन. मॅडमनी थांबा म्हटलं नाही. मी चिकटपट्टीचा राहिलेला तुकडा पर्समध्ये टाकला आणि निघाले, आणि रविवार कारंजापर्यंत पोचेस्तोवर ही गोष्ट कशी रंगवून सांगायची ते माझं ठरलंही होतं. ऑपरेशन थिएटरवाला विनोद तर तयारच होता. मी तो चार दिवस सांगितला.

पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला, की कव्हरं घेऊन जा. गेले. कोणी एकदाही न वापरलेली ती कव्हरं त्यांनी धुऊन, इस्त्री करून, आकाराप्रमाणे रचून ठेवली होती. मला तेही मनातल्या मनात पाठ करावंसं वाटलं, पुढच्या प्रयोगासाठी. घरात आवाज नव्हता. पडदे चारही एका रेषेत होते. आणि मी, आता सांगते ना, जरा आगाऊपणानेच विचारलं, "मॅडम, रागावू नका, पण कोणी बसलं तर बिघडतं काय?"

मला वाटलं होतं त्या दार दाखवतील. त्यांनी खुर्ची दाखवली. स्वतः उभ्याच राहिल्या.

लग्न झालं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. साहेबांची कामं रानावनात, धरणावर, तिथे बायकोला न्यायची सोय नव्हती. त्यामुळे त्या बारा वर्षं नामपूरच्या घरी राहिल्या. दादा, वहिनी, त्यांची मुलं, येणारे-जाणारे, कामाची माणसं. उन्हाळ्यात कांदा साठवणीच्या चाळीत मावला नाही की त्यांच्या खोलीत पसरायचे, आणि त्या कडेने अंथरूण टाकायच्या. "कांद्यात झोपलेय मी, मंदाताई," त्या म्हणाल्या, "साडीला, केसांना, उशीला वास." त्या घरात त्यांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, माहेरची पत्र्याची पेटी. आत वडिलांनी विणलेल्या दोन पैठण्या. पेटी खोलीच्या दाराशी होती आणि खोलीत दुसरं बसायला काही नव्हतं. त्यामुळे जो येई तो पेटीवर बसे.

"झाकण दबत दबत एक दिवस उघडेनाच. लोहाराकडे नेली. पैठण्यांना गंज लागला होता." त्यांनी हे अगदी पडद्याचं माप सांगावं तसं सांगितलं. "तिथे वाईट कोणीच नव्हतं. वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. दादा तर देवमाणूस. सगळे माझ्याशी प्रेमाने बोलायचे, पेटीवर बसून."

साहेबांना सांगितलं नाहीत का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की ते महिन्यातून दोन दिवस यायचे, दमून यायचे, तेवढ्यात एका पेटीचं गाऱ्हाणं काय सांगायचं. आणि पुढे नाशकात घर झालं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी बसले होते त्या खुर्चीत मला बसवेना. तीन वर्षं मी या बाईची नक्कल करून हशा मिळवला होता. तिच्या नवऱ्याच्या समोर, त्याच्या चिवड्यातले शेंगदाणे खात. मला माझी इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. मी कव्हरांचा गठ्ठा उचलला, जिना उतरले आणि पार्किंगमध्येच उभी राहून साहेबांना फोन लावला. धंद्याचा नियम मोडायचाच होता तर एकदा कामासाठी मोडावा म्हटलं. पेटीचं सगळं सांगितलं, गंजासकट.



ते म्हणाले, "पेटीवर बसून बूट मीच काढायचो, ताई. प्रत्येक खेपेला."

पुढचं थोडक्यात. दादांचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि नीट झालं. मॅडमच्या घरी ते राहिले नाहीत. त्याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली सहा आठवड्यांसाठी घेतली, तिथे एक जुना लोखंडी पलंग आणि एक हिरवी चादर होती. साहेब तिथे झोपायचे, डबा दोन्ही वेळा मॅडम न्यायच्या आणि दादा जेवेपर्यंत पलंगाच्या कडेला बसायच्या. दादांनी मला सांगितलं की भाकरी इतकी गोल असायची की मोडायला भीती वाटायची. मॅडमचं घर आजही तसंच आहे, डब्यांच्या चिठ्ठ्या एका रेषेत. माणसं एका फोनने बदलतात यावर माझा विश्वास नाही, मी फार घरं आतून बघितली आहेत. नक्कल मात्र मी सोडली. रफिकभाईंनी दोन-तीनदा फर्माईश केली, मग त्यांनीही सोडली.

साहेब परतले त्या दिवसाचं तेवढं राहिलं. ते मला मॅडमनीच सांगितलं, नंतर पुष्कळ दिवसांनी, दुकानात येऊन. दुकानात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. चिंध्यांकडे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मग बोलायला लागल्या.

माझा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पहिल्या एसटीने आले. दार उघडंच होतं. ते हॉलमध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "नीलिमा, मी कुठे बसू?"

चौतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आणि गंमत म्हणजे मॅडमना उत्तर देता येईना. सोफा म्हणावं तर कव्हर होतं. आतली खोली म्हणावी तर कालच आवरली होती. कुठेही बसा असं म्हणावं हे त्यांना कळत होतं, पण तोंडातून येत नव्हतं, कारण ते खोटं झालं असतं. साहेबांनीही घाई केली नाही. शेवटी मॅडम दाराबाहेर गेल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. सोसायटीचा जिना, आठवड्यातून एकदा झाडला जाणारा, अंगावर इस्त्रीची साडी. साहेब दार लोटून शेजारी जाऊन बसले. तिथे कांद्याबद्दल, पेटीबद्दल, बारा वर्षांबद्दल काय बोलणं झालं ते मॅडमनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तासाभराने वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन आल्या. हे दोघे वाटेत असे बसलेले, दोघांचेही डोळे लाल, दाराकडे पाठ. त्यांनी विचारलं, "किल्ली हरवली का?"

मॅडम म्हणाल्या, हो.

त्या बाईंना दया आली. वर जाऊन त्या दोघांसाठी चहा करून घेऊन आल्या, आणि तो दोघांनी तिथेच, पायरीवर बसून प्यायला. एका कपाचा कान तुटलेला होता, हे मॅडमनी मला दोनदा सांगितलं.